ग्रामविकास मंत्र्यांना खुलं पत्र: किनाऱ्यावरच्या घरकुलाला पडवी द्या

मा. ग्रामविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

साहेब, मागणी आधी सांगतो, कारणं मागून. कोकण किनाऱ्यावरच्या गावांत घरकुल योजनेतलं घर मंजूर करताना चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, कौलारू छप्पर आणि पडवी असलेला नकाशा पण ठेवा, आणि पडवीचे पैसे वेगळे द्या.

आत्ता काय होतं, घरकुल साधारण २५ चौरस मीटरचं, त्यात पडवी बसवायची तर खोली जाते, म्हणून लोक पडवीच सोडून देतात आणि वर स्लॅब टाकतात. मग खारी हवा सळईपर्यंत पोचते, गंज फुगतो, पोपडे पडतात, पावसाळ्यात गळती सुरू आणि शेवटी त्याच स्लॅबवर पत्र्याची शेड. म्हणजे एका घराला दोन छपरं, दोन खर्च. योजनेच्या सूचनांमध्ये स्थानिक साहित्य वापरा असं लिहिलंय, मग गावोगाव तोच चौकोनी डबा का?

पडवी ही शोभेची गोष्ट नाहीये हो. कोळीवाड्यात जाळी तिथेच दुरुस्त होतात, सुकट तिथेच निवडतात, आभाळ भरून आलं की वलांडीवरचे (वाळवायच्या बांबूच्या मांडवावरचे) बोंबील धावत आणून तिथेच पसरतात. पावसाळ्यात समुद्राच्या बाजूला माडाची झापं बांधली की झड बाहेर थांबते आणि वारा तेवढा आत येतो. संध्याकाळी म्हातारी माणसं तिथेच बसून गाज कुठल्या बाजूने येतेय ते ऐकतात, उद्या होडी लोटायची की नाही याचं बोलणं तिथेच होतं. स्लॅबच्या बंद खोलीत हे कुठे करायचं?

आणि आपल्या गावांची मांडणी बघा. गुहागर, दिवेआगर, दापोलीजवळचं मुरुड. मधून रस्ता, दुतर्फा घरं, समुद्राकडच्या घरांमागे लांबच लांब नारळी-पोफळीची वाडी, मग केवडा, सुरूची झाडं आणि मग पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू. समुद्राची गाज रोज घरात, पण समुद्राचा वारा आधी माडांनी झेलायचा. आता वाड्या तोडून थेट पुळणीवर रिसॉर्ट उभी राहतायत, बघून जीव तुटतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा कौलारू घरंही उघडी पडली, वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, हे खरंच आहे. म्हणूनच म्हणतो की जुनं जसंच्या तसं नको. आढं, वासे भिंतीला पक्के जखडायची आणि कौलं बांधून घ्यायची पद्धत इंजिनिअर लोकांनी त्या नकाशातच द्यावी.

चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. आणि चुन्याचं काम बघायचं असेल तर मुरुड-जंजिऱ्याजवळ पद्मदुर्ग या समुद्रातल्या किल्ल्यावर जा. लाटांनी दगड आत झिजलाय आणि दोन दगडांमधला चुना तसाच पुढे आलेला दिसतो, साडेतीनशे वर्षांनंतर! गवंड्यांचं प्रशिक्षण घरकुल योजनेत आहेच, किनाऱ्याच्या तालुक्यांत त्यात चुना, चिरा आणि छपराचं सुतारकाम घाला. शिकवू शकतील असे जुने कारागीर अजून आहेत, पण थकत चाललेत.

दसऱ्यानंतर बांधकामं सुरू होतात. त्याआधी नकाशे पंचायत समितीत पोचले तर याच हंगामातल्या घरांना पडवी मिळेल.

कळावे,
गुहागर तालुक्यातला एक रहिवासी