हिंगूळ, फरशीवरचा पारा आणि सर

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. मे महिन्यातल्या त्या सकाळी तुम्ही माझ्यासाठी दीड तास फोन धरून बसलात. त्याचे आभार चारचौघांत मानायचे राहिले होते.

स्लोव्हेनियातल्या इद्रियाहून आणलेला दगड मी हौसेने खिडकीत मांडला होता. काळा शेल (थराथरांचा चिखली खडक), त्यावर हिंगुळाचे, म्हणजे पाऱ्याच्या खनिजाचे, लाल डाग आणि भेगेत पाऱ्याचे थेंब. उन्हाने लाली काळवंडली, तरी मला अक्कल आली नाही. त्या दिवशी पुसताना दगड कलंडला आणि पारा फरशीवर घरंगळला. मी झाडू उचललाच होता.

"झाडू ठेव. व्हॅक्यूम तर लावूच नकोस, घरभर वाफ होईल." हे तुमचं पहिलं वाक्य. दुसरं, "अंगठी काढ." पारा सोन्यात मुरतो हे मी शाळेत शिकलो होतो, पण स्वतःच्या बोटाकडे बघायचं सुचलं नव्हतं.

मुलीला शेजारी धाडलं, पंखा बंद केला, खिडक्या उघडल्या. बॅटरी जमिनीला टेकवून आडवा झोत टाकला, तर टाइल्सच्या सांध्यांत खसखशीएवढे थेंब लुकलुकत होते! जुन्या लग्नपत्रिकेच्या कडेने ढकलत ते एकत्र केले, ड्रॉपरने बाटलीत भरले, उरलेले चिकटपट्टीने टिपले. ड्रॉपर, पत्रिका, पट्टी, सगळं बंद डब्यात. मोरीत काही नाही, कचऱ्यात काही नाही.

इतक्या वेळात तुम्ही एकदाच चिडलात, आणि तेही पाऱ्यावरून नाही. दगडासोबत आलेली जीर्ण चिठ्ठी टाकून देऊ का, असं मी विचारलं तेव्हा. "इद्रिया, क्राइन" एवढंच होतं तिच्यावर. क्राइन हे त्या प्रदेशाचं ऑस्ट्रियन अमलातलं नाव, म्हणजे चिठ्ठी बहुधा १९१८ च्या आधीची, हे तुम्ही सांगितलंत. तिथे १४९० मध्ये एका टब बनवणाऱ्याला झऱ्यात पारा सापडला अशी कथा आहे. पुढे पाचशे वर्षं चाललेली तिथली पाऱ्याची खाण आता बंद आहे. स्पेनमधली अल्मादेनची पाऱ्याची खाणही बंद. "चिठ्ठी गेली की दगड इद्रियाचा की अल्मादेनचा, हे कुणाच्या तोंडून ऐकणार?" असं म्हणालात.

दगड आता झाकणाच्या डबीत, अंधाऱ्या कपाटात आहे. चिठ्ठी वेगळ्या पाकिटात. अंगठी मात्र मी अजून घातलेली नाही. बायकोने विचारलं की तुमचं नाव सांगतो.

आपला,
एक हौशी दगडवेडा