गटात बसवलं म्हणजे गटकार्य होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला शिकवते. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर शिकवताना होणाऱ्या मूल्यमापनात, गटकार्य 2010 पासून आहे, पण बऱ्याच वर्गांत होतं काय तर आठ-आठ पोरं सतरंजीवर गोल बसवायची, मधे चार्टपेपर, स्केचपेन एकाच हुशार मुलीच्या हातात, बाकीचे नुसते बघणार नाहीतर एकमेकांना ढोसणार, मग फोटो काढून ग्रुपवर टाकला की झालं गटकार्य. मीही कितीतरी वर्षं असंच केलंय आणि त्याचं आज वाईट वाटतं.

अमेरिकेत ऑस्टिन शहरात 1971 साली गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना पहिल्यांदाच एका वर्गात बसवलं तेव्हा भांडणं व्हायला लागली, तेव्हा एलियट अॅरॉन्सन या मानसशास्त्रज्ञाने धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एकेकच तुकडा दिला, म्हणजे दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय कोणाचाच धडा पूर्ण होणार नाही.

तेच मी पावसाच्या धड्याला केलं. 32 मुलं, चार-चारचे आठ गट, चार चिठ्ठ्या: महाबळेश्वर, वाई, कोरेगाव, दहिवडी. आपल्या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस आणि दहिवडीच्या माण तालुक्यात 500 च्या आसपास, हे असं का, ते गटाने शोधायचं. आधी एकाच गावाची चिठ्ठी मिळालेली मुलं एकत्र बसून वाचतात, मग आपापल्या गटात परत येऊन बाकीच्यांना समजावतात.

दहिवडीची एक चिठ्ठी आली होती बीडहून आलेल्या ऊसतोड कामगाराच्या मुलाकडे. दिवाळीनंतर शाळेत आलेला, दोन महिने हजेरीशिवाय तोंड उघडलं नव्हतं. तो म्हणाला, आमच्याकडं बी असंच हाय, टँकर आला की हंडे घेऊन पळायचं. मग गटातली तिघं त्याला विचारतच सुटली. वर्गात पहिली येणारी मुलगी त्याच गटात होती, तिने "पर्जन्यछायेचा प्रदेश" असं घडाघडा सांगितलं, तर तो म्हणाला, म्हंजी ढग संपत्यात का? तिला सांगता येईना. मग दोघांनी मिळून पुस्तक काढलं, दप्तराचा डोंगर केला आणि ढग वर चढताना गार होतो, घाटमाथ्यावरच बरसतो आणि पलीकडे उतरताना कोरडा होतो, हे तिने त्याला दाखवलं.

काही पालक म्हणतात आमच्या मुलीचा वेळ दुसऱ्यांना शिकवण्यात का घालवता. त्यांना मी हाच प्रसंग सांगते, कारण त्या दिवशी सगळ्यात जास्त तीच शिकली.

पण हे 35 मिनिटांच्या तासिकेत बसत नाही हो. मुलं जागेवर बसेपर्यंतच दहा मिनिटं जातात, आणि चिठ्ठ्या लिहायला आदल्या रात्रीचे दोन तास. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे नुसता गोंधळ असतो, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बाईंचा वर्गावर कंट्रोलच नाही. म्हणून अधिकाऱ्यांना कळकळीची विनंती आहे, आठवड्यातून दोन जोड तासिका द्या, आणि फोटो मागण्याऐवजी वर्गात येऊन एखाद्या गटाजवळ दहा मिनिटं बसा आणि जो सगळ्यात गप्प आहे त्याला विचारा, तुझ्याकडे कुठली चिठ्ठी होती.

– एक शिक्षिका, जि. सातारा