आई, तू विचारलंस म्हणून

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "एवढं सगळं चाललेलं असताना तुला वाजवावंसं वाटतं तरी कसं?" त्यात टोमणा नव्हता, हे मला कळतं. घरात कुणी आजारी असलं की वाद्य झाकून ठेवायचं, रेडिओसुद्धा बारीक करायचा, असंच तू आयुष्यभर करत आलीस. तेव्हा मला पटकन उत्तर सुचलं नाही, म्हणून आज सावकाश लिहितेय. बाबा, तुम्हीही वाचा. तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रश्न तुमच्याही मनात असणार.

ह्यांच्या उपचारांचं जे सांगण्यासारखं असतं ते रोज फोनवर सांगतेच. सांगता येत नाही ते वाट बघणं. आधी रिपोर्टची, मग औषध लागू पडतंय का याची, मग पुढच्या तपासणीची. कामं असतात तोवर मी ठीक असते. औषधांच्या वेळा, फोन, फायली यात दिवस निघून जातो. अवघड जातं ते सगळं आवरून झाल्यावर. हात रिकामे झाले की डोकं मोकाट सुटतं. असं झालं तर? तसं झालं तर? पुस्तक उघडलं तर तेच पान पुन्हापुन्हा वाचत बसते. टीव्हीवर काय चाललंय ते विचारलंत तर सांगता येणार नाही.

पियानोपुढे मात्र असं अर्धवट बसताच येत नाही. डावा हात एक वाजवतोय, उजवा दुसरंच, पाय पेडलवर आणि डोळे कागदावर एक पाऊल पुढे. त्यात काळजीला टेकायला जागा उरत नाही. मन जरा भरकटलं की बोट शेजारच्या पट्टीवर पडतं आणि कानाला तत्क्षणी कळतं. मग मागे जायचं, तेवढाच तुकडा पुन्हा घ्यायचा, अगदी ठाय लयीत. एकटा डावा हात, मग एकटा उजवा, मग दोन्ही. उठते तेव्हा परिस्थिती होती तिथेच असते, आई. पण मधला तासभर मी तिच्या कह्यात नसते, आणि त्यामुळे पुढच्या रात्रीला सामोरी जाऊ शकते.

सध्या एकच रचना वाजवतेय, बाख या जर्मन संगीतकाराची, १७२२ साली पूर्ण केलेल्या त्याच्या संग्रहातली अगदी पहिली. बाबा, ती तुमच्या पेटीतल्या पांढरी एकमध्ये आहे. पस्तीस बार, म्हणजे उभ्या रेघांनी पाडलेले पस्तीस खण. डाव्या हाताचे दोन स्वर, उजव्याचे तीन, तेच तीन पुन्हा. आणि हे सगळं प्रत्येक खणात दोनदा. शेवटचे दोन-तीन खण सोडले तर हा घाट कुठे बदलत नाही. ठळक चाल म्हणावी अशी काही नाही, तानांची चमक नाही. बदलतात ते फक्त स्वर, एका खणातून दुसऱ्यात जाताना कधी एखादाच. वाजवणाऱ्याला पुढच्या खणापलीकडचं काही बघावं लागत नाही. मला आत्ता नेमकं एवढंच झेपतं.

त्यातली एक जागा तुम्हाला ऐकवायचीच आहे. शेवट जवळ आला की डावा हात खालच्या पंचमावर येतो आणि आठ खण तिथून हलत नाही. वर स्वर बदलत राहतात. मध्ये तर असे एकमेकांत अडकतात की पहिल्यांदा वाजवताना मला वाटलं, छापण्यात काहीतरी गडबड आहे. पण खाली तो पंचम असतो. प्रत्येक खणात दोनदा लागतो, वर काहीही चालू असो. त्या आठ खणांत माझा श्वास आपोआप खोल होतो. नवव्याला डावा हात षड्जावर उतरतो, तरीही वर एक कोमल निषाद येतो आणि रचना लगेच संपू देत नाही. ही जागा मी किती वेळा वाजवते ते विचारू नका.

हा संग्रह पूर्ण होण्याच्या दोन वर्षं आधी, १७२० मध्ये, बाख ज्या संस्थानिकाच्या पदरी होता त्याच्याबरोबर परगावी गेला होता. परत आला तेव्हा त्याची बायको वारलेली होती आणि दफनही उरकलेलं होतं. त्या दुःखातून हे संगीत आलं असं म्हणायचा मोह होतो, पण तसं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. तो लिहीत राहिला एवढं खरं, आणि एवढंच मला पुरतं.

बाबा, तुमच्या पेटीत भाता चालू आहे तोवर स्वर तुमच्या ताब्यात असतो. हवा तेवढा लांबवा. पियानोत तसं नसतं. पट्टी दाबली की आतला हातोडा उसळून तारेवर आपटतो आणि लगेच मागे फिरतो. त्यानंतर पट्टी कितीही घट्ट दाबून धरा, आवाज वाढत नाही. तो विरायलाच लागलेला असतो. माझ्या डिजिटल पियानोत तारा नाहीत, पण वागतो तसाच. हातात असतं ते दोनच: कसं वाजवायचं आणि कधी सोडायचं. सुरुवातीला मला हे पियानोचं न्यून वाटायचं, स्वरावरून स्वरावर घसरत जाणारी मींड नाही म्हणून जसं तुम्हाला वाटतं. आता वाटत नाही. या वर्षी मला हे वाद्य जास्त कळतंय.

आणि ह्यांना त्रास होईल ही तुझी काळजी, आई. ह्यांचा डोळा लागला की मी हेडफोन लावते. आवाज फक्त माझ्या कानात, बाहेर नुसती पट्ट्यांची टकटक. मला वाटायचं ती ह्यांना ऐकू जात नसेल. एका सकाळी म्हणाले, "काल पंचमानंतर थांबलीस. दमली होतीस ना?" नुसत्या टकटकीवरून ह्यांना कळतं मी कुठे आले, कुठे अडले. अंगात ताकद असते तेव्हा हेडफोन काढायला लावतात आणि उशीला टेकून ऐकतात. आजाराबद्दल आम्ही दोघं जेवढं बोलू शकत नाही, तेवढं त्या वेळात निभावून जातं.

प्रागमध्ये ॲलिस हर्त्झ-झोमर नावाची पियानोवादक होती. १९४२ मध्ये नाझींनी तिच्या म्हाताऱ्या आईला नेलं. ती परत आली नाही. त्या काळात ॲलिसनं शोपाँ या संगीतकाराचे चोवीसच्या चोवीस एट्यूड, म्हणजे हाताची कसोटी बघणाऱ्या अभ्यास-रचना, बसवायला घेतले. पियानोवर याहून कठीण काम क्वचितच असेल. पुढच्या वर्षी तिला स्वतःला नवऱ्या-मुलासकट टेरेझिनच्या छावणीत डांबलं, आणि तिथे तिनं शंभराहून जास्त कार्यक्रम केले. नवरा वाचला नाही, मुलगा वाचला. ती स्वतः २०१४ मध्ये गेली, वयाच्या ११०व्या वर्षी. तिच्या दुःखापुढे माझं काहीच नाही. पण आई गेल्यावर तिनं पियानो झाकून ठेवला नाही, हे मला तुला सांगावंसं वाटतं.

रोजच जमतं असं नाही. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी झाकण उघडलं आणि नुसती बसून राहिले. दुसऱ्या दिवशी एकट्या डाव्या हातानं सुरुवात केली. तेवढंच झालं.

तुम्ही दोघं राहायला याल तेव्हा मला वाजवू दे, आई. ह्यांच्याजवळ तू बस; मला त्या तासाची गरज आहे. येत्या रविवारी फोन स्पीकरवर ठेवा, मी पहिल्यापासून वाजवीन. बाबा, पंचमाच्या जागी डावा हात जड पडतो का ते नीट ऐकून सांगा. ह्यांच्या मते पडतो, मला पटत नाही.

गुडघ्याची गोळी चुकवू नकोस, आई. बाबा, चष्म्याचा नंबर तपासून घ्या, पुढं ढकलू नका.

तुमची लेक