ग्रिफन: बँड आणि प्राणी

ठाणे

पक्या,

फोनवर विचारलेलंस ना की हल्ली काय ऐकतोयस, ते एका वाक्यात सांगण्यातलं नाही म्हणून लिहितोय. चहा घेऊन बस.

ग्रिफन नावाचा इंग्लिश बँड होता, सत्तरच्या दशकातला. इथे नौपाड्यात कोणाला विचारलंस तर विमा कंपनी वाटेल. रिचर्ड हार्वी आणि ब्रायन गलंड, दोघं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकचे, आणि यांनी काय केलं तर रेकॉर्डर (ही एक उभी बासरी), बॅसून (लांब नळीचं, खर्जातलं फुंकवाद्य), क्रमहॉर्न असली जुनीपुराणी वाद्यं सरळ रॉक बँडमध्ये घुसवली. क्रमहॉर्न तू बघच, छत्रीच्या मुठीसारखं खाली वळलेलं. आत तुझ्या सनईसारखीच दुहेरी पत्ती, पण वर टोपण, म्हणजे ओठ पत्तीला लागतच नाहीत, नुसतं फुंकायचं. त्यामुळे आवाज लहान-मोठा करायची सोय नाही आणि स्वर जेमतेम एक सप्तक, वर एखादा. एवढ्या हट्टी वाद्यामागे ड्रम्स आणि इलेक्ट्रिक गिटार! कागदावर वेडेपणा वाटतो, ऐकताना अजिबात नाही.

आता नाव बघ. अंग सिंहाचं, डोकं-पंख गरुडाचे, असा तो प्राणी. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो की उत्तरेकडे एकडोळे अरिमास्पी लोक या ग्रिफनांचं सोनं चोरतात म्हणे, आणि लगेच पुढे म्हणतो की एक डोळ्याची माणसं असतात हे काही मला पटत नाही. ग्रिफनवर मात्र चकार शब्द नाही, म्हणजे तो चालतो याला! मला हा माणूस फार आवडतो. आणि आपल्याला तरी कुठे नवल वाटायला हवं, आपल्या किल्ल्यांच्या दरवाज्यांवर शरभ असतोच ना, पंजात हत्ती धरलेला, आणि पुराणातला शरभ तर नरसिंहाला आवरायला आलेला, त्याला पंखसुद्धा आहेत.

तर माझं म्हणणं असं की हे नाव त्यांना फुकट शोभत नाही. जुन्या वाद्यांची आणि रॉकची जोड दिसते तोवरच मजा आहे. १९७४ मध्ये दिग्दर्शक पीटर हॉलने लंडनच्या नॅशनल थिएटरमधल्या शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट' नाटकासाठी त्यांच्याकडून संगीत करून घेतलं, त्यातून 'मिडनाइट मशरम्प्स' अल्बम आला, त्याची एक अख्खी बाजू म्हणजे एकच लांबलचक रचना. त्याच वर्षी 'रेड क्वीन टू ग्रिफन थ्री', बुद्धिबळावर, चारच तुकडे, गाणारा कोणी नाही. पुढे 'येस'सारख्या बड्या बँडच्या आधी वाजवायला मिळालं. आणि १९७७ च्या 'ट्रीझन'मध्ये गाणी वाढली, जुनी वाद्यं मागे सरकली, सगळं गुळगुळीत झालं. पंख छाटल्यावर नुसता सिंह उरतो रे, आणि सिंह तेव्हा लंडनमध्ये गल्लोगल्ली होते, त्यात पंक रॉकची नवी, दणकट लाट आलेली, मग बँड मोडला यात आश्चर्य ते काय. २०१८ ला परत एक अल्बम काढला त्यांनी, 'रीइन्व्हेन्शन', त्यात बॅसून वगैरे सगळं परत हजर, हे वाचून मला उगाच बरं वाटलं.

आमच्या ऑफिसातल्या एकाला ऐकवलं तर तो म्हणाला लग्नातला बँड बिघडलाय का. त्याला काही बोललो नाही, ऐरोलीपर्यंत त्याच्याच गाडीतून जातो मी.

तू 'रेड क्वीन'मधलं 'लॅमेंट' आधी ऐक, रात्री, हेडफोन लावून. त्याच अल्बममधल्या 'चेकमेट'ला लगेच हात घालू नकोस. आणि 'लॅमेंट'ची सुरुवातीची धून सनईवर बसते का बघ, बसली तर रेकॉर्ड करून पाठव, खराब वाजली तरी चालेल. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मंद्या