झांजा आहेत, कान नाहीत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत एक्स्ट्रीम मेटल, म्हणजे हेवी मेटलचा सगळ्यात वेगवान आणि कडक प्रकार, ऐकणाऱ्यांवर लेख आला होता. लेखकाची तक्रार थोडक्यात अशी, की ही मंडळी गोंगाटाला संगीत म्हणतात आणि कोणाचा बँड जास्त भयंकर यावर भांडत बसतात. मी ६४ वर्षांचा आहे आणि त्या मंडळींपैकीच एक आहे. भांडतो हे खरं. पण कशावरून भांडतो, ते लेखकाने एकदा शेजारी बसून ऐकायला हवं होतं.

गोंगाटातलं मला थोडंफार कळतं. ३१ वर्षं प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या मशीनांत, काढली, त्यातली शेवटची १२ सुपरवायझर म्हणून. दहा प्रेस, दहाही आपापल्या नादात, कोणाचा कोणाशी मेळ नाही. शेजारच्याला काही सांगायचं तर खांद्यावर हात ठेवून कानात ओरडायचं. तो गोंगाट. मेटलचा ड्रमर दोन हात आणि दोन पाय मिळून जे वाजवतो, त्यात एक ठोका जरी इकडचा तिकडे झाला, तरी आमच्यातलं कोणी ना कोणी लगेच मान वर करतं.

या संगीताचा जन्मच मुळी पत्र्याच्या मशीनपाशी झाला, हे माझं लाडकं म्हणणं. ते सुरू केलं की भाची कपाळाला हात लावते. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं १७व्या वर्षी कारखान्यात गेली, तीही नोकरीच्या शेवटच्या दिवशी. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवा. गिटार संपली असंच धरून बसला होता. मग कारखान्यातल्या फोरमनने त्याला जॅझ गिटारवाल्या जँगो रेनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत भाजून डाव्या हाताची दोनच बोटं धड उरलेला माणूस काय वाजवतो ते ऐक, म्हणून. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा चढवल्या, आणि १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ अल्बमात त्या तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. तो जडपणा पुढे सगळ्यांनी उचलला. (ब्लॅक सॅबथ एक्स्ट्रीम नव्हे, हे मला कोणी कळवू नये. मी मूळ सांगतो आहे.) शेजारच्या मशीनवरच्या पोराचं बोट गेलेलं मी पाहिलं आहे. त्या दिवशी मला अपघाताचा फॉर्म भरायचं सुचलं, रेकॉर्ड नाही सुचली.

आता भांडणं. आम्ही चौघं: मी, भाची, ड्रम शिकणारा तिचा मित्र, आणि मेंटेनन्समधला माझा जुना जोडीदार. महिन्याला एक अल्बम, पहिल्यापासून शेवटापर्यंत, मधे कोणी बोलायचं नाही. नंतर मात्र कोणी गप्प बसत नाही. स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’ (१९८६) जेमतेम २९ मिनिटांचा. जोडीदार म्हणाला, पूर्ण दाम घेऊन अर्धा माल. भाचीने सांगितलं की कॅसेटच्या दोन्ही बाजूंना अख्खा अल्बम बसायचा. उलटवली की पुन्हा सुरू. ‘काका, त्यात अजून एक गाणं घालायचं झालं तर कुठे घालाल?’ काकांचं उत्तर अजून यायचं आहे. नेपाम डेथच्या ‘स्कम’च्या (१९८७) दोन बाजूंवर वाजवणारे वेगवेगळे, दोन्हीकडे कायम फक्त ड्रमर मिक हॅरिस. हा एक अल्बम की दोन, यात एक अख्खी संध्याकाळ गेली. त्यातल्या २८ गाण्यांपैकी एक १.३१६ सेकंदांचं आहे, गिनेस बुकात गेलेलं. ते गाणं की शिंक, हा वाद वेगळा. यात ‘भयंकर’ हा शब्द कोणाच्या तोंडून निघाल्याचं मला आठवत नाही.

या संगीताने माणूस भडकतो, असंही लेखात आहे. २०१५ साली क्वीन्सलँड विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी असेच ३९ श्रोते घेतले, आधी त्यांना मुद्दाम राग आणला, मग निम्म्यांना त्यांच्या आवडीचं एक्स्ट्रीम मेटल ऐकू दिलं आणि निम्म्यांना शांत बसवलं. ऐकणाऱ्यांची चिडचिड वाढली नाही, उतरली. शांत बसलेल्यांचीही उतरली. ३९ जणांवरून जग ठरत नाही, पण लेखकाने तर एकालाही विचारलेलं दिसत नाही.

नॉर्वेतल्या काही मेटलवाल्यांनी चर्च जाळल्याचा लेखातला उल्लेख खोटा नाही, आणि तो आम्हीही टाळत नाही. मेहेम या तिथल्याच बँडचा १९९४चा अल्बम घ्या. त्यात गिटार युरोनिमसची आणि बेस वार्ग विकेर्नेसचा. अल्बम बाहेर येण्याआधी, ऑगस्ट १९९३मध्ये, विकेर्नेसने युरोनिमसचा खून केला. मेलेला आणि मारणारा एकाच गाण्यात शेजारी शेजारी वाजतात. विकेर्नेसचं स्वतःचं काही लावायचं नाही, हा भाचीचा नियम, आणि मला तो पटतो. जोडीदाराला पटत नाही; बेस वाजवणाऱ्याचं चारित्र्य तारेत उतरत नाही, असं तो म्हणतो. यावर आमचं कधी एकमत होईल असं वाटत नाही.

सगळ्यात मोठं भांडण झालं डार्कथ्रोन या नॉर्वेच्याच बँडच्या ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’वरून (१९९४). निवड भाचीची. त्यातल्या चार गाण्यांचे शब्द त्याच विकेर्नेसचे आहेत, हे जोडीदाराने मोठ्या आनंदाने काढून दाखवलं आणि ती पाच मिनिटं गप्प झाली. पण तो अल्बम तिने मागे घेतला नाही. सगळी वाद्यं बँडमधल्या एकट्या फेनरिझने वाजवलेली, ध्वनिमुद्रण साध्या चार ट्रॅकच्या मशीनवर. आवाज पातळ, करकरीत, भिंतीपलीकडून येतोय असा. मी सरळ म्हटलं, हे काम नापास, रिजेक्शनच्या पेटीत टाका. ड्रमवाला म्हणाला, त्यांना चांगलं करता येत नव्हतं असं नाही. त्यांचाच १९९१चा ‘सोलसाइड जर्नी’ स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत केलेला, चोख आहे. हे त्यांनी मुद्दाम केलं. एकच चाल न थांबता चालत राहिली की कान ठोके मोजायचं सोडतो आणि वरचे सूर एकमेकांत मिसळायला लागतात, स्वच्छ ध्वनिमुद्रणात ते होत नाही. मी म्हटलं, असेल. पण ड्रमसोबतच्या झांजा कुठे गेल्या? अख्ख्या अल्बममध्ये झांज नाही, हा काय प्रकार?

भाची माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, ‘मामा, झांजा आहेत. तुझे कान नाहीत.’

तपासून घेतले. वरच्या पट्टीतलं दोन्ही कानांना फार कमी येतं. त्यात मेटलचा वाटा किती ते मी सांगत नाही, पण नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत कानात बोळे घालणाऱ्याला आम्ही हसायचो, हे सांगतो. म्हणून मोठ्या आवाजाने कान जातात, हा लेखातला मुद्दा बिनशर्त मान्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं; ९० डेसिबल झालं की फक्त चार तास. हा आकडा लेखात छापला असता तर उपयोग झाला असता. आमच्या बैठकीत आवाजाचं बटण आता ड्रमवाल्याकडे असतं, माझ्याकडे नाही.

तो अल्बम मी नंतर बऱ्याचदा लावला. भाची असली की माझ्या मागे उभी राहते आणि जिथे झांज पडते तिथे खांद्यावर बोट आपटते. नापासचा शेरा मी अजून मागे घेतलेला नाही.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त प्रेस शॉप सुपरवायझर