भंडारदरा सहल : मुलांना घेऊन येणाऱ्या सभासदांसाठी सूचना

येत्या शनिवारी पहाटे ५.३० वाजता गाड्या निघतील. ऊन चढायच्या आत कसारा घाट मागे पडायला हवा, त्यामुळे उशीर नको. घोटीला महामार्ग सोडून बारीमार्गे शेंडीला (भंडारदऱ्याचे गाव) पोहोचायचे आहे. वळणांवर मुलांना मळमळते. रिकाम्या पोटी बसवू नका, पण वडापावही भरवू नका. कोरडी पोळी, आलेपाक, भरपूर पाणी आणि दोन-तीन पिशव्या हाताशी असू द्या. पेट्रोल घोटीतच भरून घ्या.

दुपारी विल्सन धरण (म्हणजेच भंडारदरा धरण, १९२६ साली पूर्ण झालेले) आणि तलावाचा काठ. पाण्यात कोणीही उतरायचे नाही, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरून काठाला गाळ उघडा पडतो, पाय रुततो आणि पुढे एकदम खोल होते. मुलांचा हात सोडू नका.

अंधार पडल्यावर काजवे पाहायला जाऊ. यासाठी मात्र मनापासून विनंती आहे. काजव्यांचे लुकलुकणे म्हणजे नर-मादीची एकमेकांना साद असते. आपले हेडलाइट, टॉर्च, मोबाईलचा फ्लॅश यांत ती हरवते आणि पुढची पिढीच कमी होते. गाड्या रस्त्यावरच ठेवून दिवे बंद करायचे, झाडाखालच्या गवतात शिरायचे नाही (माद्या बऱ्याचदा तिथेच असतात), बाटलीत काजवे धरायचे नाहीत. हे मुलांना घरूनच समजावून आणा. कारण कळले की ती आपल्यापेक्षा नीट पाळतात.

पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट आवश्यक. गाडीत किती जागा रिकाम्या आहेत, ते गुरुवारपर्यंत कळवा.