तक्रार पत्र: 'शंभर टक्के व्हीगन' पबच्या जेवणात माशाचे भोत

प्रति,
व्यवस्थापक, परदेश सहल विभाग, पुणे

विषय: इंग्लंड सहलीतील यॉर्कशायर डेल्स येथील जेवणाबाबत तक्रार आणि जादा घेतलेल्या रकमेची मागणी

महोदय/महोदया,

आपल्या पत्रकात सहाव्या दिवसापुढे 'खेड्यातल्या शंभर टक्के व्हीगन पबमध्ये जेवण' असे छापले होते आणि त्यासाठी माणशी २६ पौंड वेगळे घेतले. आम्ही चौदा जणांनी ते भरले. पबचे स्वयंपाकघर व्हीगन, म्हणजे मांस-मासेच काय, दूध, अंडी, मध काहीही न वापरणारे आहे, त्याबद्दल काही म्हणणे नाही. घोळ तळघरात, बिअरच्या पिंपांत आहे.

लांब दांड्याच्या पंपाने ओढून देतात ती कास्क एल, म्हणजे पिंपातली बिअर, न गाळताच भरतात. तिचे शेवटचे आंबणे पिंपातच होते, म्हणून यीस्ट आतच राहते. ते तळाशी बसावे यासाठी बहुतेक ब्रुअरी (बिअरचे कारखाने) पिंपात आयसिंग्लास घालतात. गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो, तसाच हा प्रकार. आयसिंग्लासमधल्या कोलॅजेन या प्रथिनावर धन भार असतो, यीस्टवर ऋण. दोन्हींच्या गुठळ्या होऊन खाली बसतात आणि वरची बिअर नितळ निघते. आता हे आयसिंग्लास म्हणजे काय, तर माशाच्या पोटातली हवेची वाळवलेली पिशवी. पालघरकडे घोळ माशाच्या ज्या पिशवीला भोत म्हणतात, त्याच जातीची वस्तू.

त्या दिवशी चालू असलेल्या चार पंपांपैकी दोनच पंपांच्या पट्टीवर व्हीगन खूण होती. उरलेल्या दोन्ही बिअरमध्ये आयसिंग्लास असल्याचे काउंटरवरच्या मुलीने विचारल्याबरोबर सांगितले. लपवाछपवी तिने केली नाही. विचारायचे काम आपले होते. आपल्या सहल व्यवस्थापकांचे उत्तर मात्र असे: "बिअर म्हणजे जवाचे पाणी, त्यात मांसाहारी काय असणार?"

न पिणाऱ्यांचा प्रश्न येत नाही, असेही ते म्हणाले. येतो. त्या पबचा खास पदार्थ म्हणजे केळफुलाचे 'फिश अँड चिप्स'. डब्यातले खारवलेले केळफूल, त्यावर मैदा, कॉर्नफ्लोअर आणि बिअर यांचे पीठ लावून तळलेले. पिठात तपकिरी बिअर दुसऱ्या पंपाची, म्हणजे खूण नसलेली. आमच्यातले पाच जण दारूला हात लावत नाहीत. त्यांनाही हेच ताट दिले गेले, पिठात बिअर आहे हे न सांगता. (बिअर पिठात घालतात ती वायूसाठी, आवरण हलके व्हावे म्हणून. कास्क एलमध्ये वायू मुळात कमी. फ्रिजमधला थंडगार सोडा घातला असता तर आवरण जास्त कुरकुरीत झाले असते आणि हे पत्रही लिहावे लागले नसते.) केळफूल नीट पिळून कोरडे केलेले नव्हते, त्यामुळे कापताच आवरण सालीसारखे सुटून आले आणि खाली खारे पाणी साचले. हा दोष पबचा. तो आम्ही त्यांना तिथेच सांगितला.

ब्रिटनमध्ये माशासह चौदा ॲलर्जीकारक घटक ग्राहकाला सांगावेच लागतात, पण बिअर आणि वाइन नितळ करायला वापरलेल्या आयसिंग्लासला त्यातून सूट आहे. 'व्हीगन' या शब्दाला तिथे कायद्याची व्याख्याही नाही. आपल्याकडे एफएसएसएआयचे (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे) व्हीगन अन्नाबाबतचे नियम २०२२ पासून आहेत. त्या सवयीने तिथल्या फळ्यावर विसंबून चालत नाही. शिवाय एकाच नावाची बिअर बाटलीत व्हीगन आणि पिंपात नाही, असे सर्रास असते. खेड्यातल्या पबमध्ये पिंप संपले की दुसऱ्याच ब्रुअरीचे लागते, म्हणून मार्चमध्ये ईमेलने घेतलेली खात्री जूनमध्ये निरुपयोगी. आज पंपावर असलेल्या पिंपात काय घातले आहे आणि पिठात कोणती बिअर आहे, एवढे त्या दिवशी सकाळी फोनवर विचारायला पाच मिनिटे पुरतात.

वेळेचेही तेच. तिथले स्वयंपाकघर दुपारी अडीचला बंद होते. बस दोन वाजून दहा मिनिटांनी पोचली. टेबलावर ऑर्डर घ्यायला कोणी येत नाही, टेबलाचा क्रमांक लक्षात ठेवून बारवर जाऊन सांगायचे आणि पैसे आधी द्यायचे, हे कोणी न सांगितल्याने त्यातली पंधरा मिनिटे वाट बघण्यात गेली. दोन स्वयंपाक्यांच्या पबला चौदा ताटांची यादी आधी कळवलेली नव्हती. शेवटच्या तिघांना नुसते चिप्स मिळाले.

आमची मागणी अशी: चौदा जणांचे माणशी २६ पौंड, एकूण ३६४ पौंड, भरणा केला त्या दिवशीच्या दराने रुपयांत परत करावेत. पत्रकातील 'शंभर टक्के व्हीगन' हे शब्द काढून 'व्हीगन जेवण, पेये तपासून घ्यावीत' असे छापावे. पुढच्या तुकड्यांसाठी केळफुलाचे पीठ सोड्यात भिजवण्याची विनंती पबला लेखी करावी. ते तयार आहेत, आम्ही विचारून आलो आहोत.

पत्रकाचे पान, पावत्या आणि पंपांच्या पट्ट्यांचे फोटो सोबत जोडले आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाखल करू.

आपले,
सहलीतील चौदा प्रवासी